ट्युनिशियाच्या मातीचे थर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका लहान देशाविषयी मी आज बोलणार आहे. ट्युनिशिया हा तो देश. कार्थेजचा पाडाव केल्यावर रोमनांनी या भूमीवर जो प्रांत स्थापिला, त्याला त्यांनी ‘आफ्रिका’ असे नाव दिले. अरबांनी तेच नाव ‘इफ्रीकिया’ या रूपाने चालू ठेवले आणि कालांतराने ते सबंध खंडाला लागले. एका अफाट खंडाला ज्या भूमीने आपले नाव दिले, त्याच भूमीचे राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जाहीर केले की, सहारापलीकडून येणाऱ्या आफ्रिकी स्थलांतरितांचा लोंढा हा देशाची लोकसंख्यात्मक घडण बदलण्याच्या कटाचा भाग आहे. अरब आणि इस्लामी जगाशी असलेले नाते तोडून ट्युनिशियाला केवळ आफ्रिकी देश बनविण्याचा हा डाव आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यानंतरच्या दिवसांत कृष्णवर्णीय मजुरांना आणि विद्यार्थ्यांना घरमालकांनी बाहेर काढले, रस्त्यांवर त्यांच्यावर हल्ले झाले, अनेकांना देश सोडावा लागला.

‘आफ्रिका’ हे नाव जेथून निघाले, तेथेच आफ्रिकी माणूस परका कसा ठरला? या प्रश्नाचा शोध घ्यायचा तर त्या देशाच्या मातीचे थर तपासावे लागतील. हे थर राजांच्या वंशावळीप्रमाणे मोजण्याची आपल्याला सवय आहे. आधी फिनिशियन आले, मग रोमन, मग व्हँडल, बायझंटाइन, अरब, तुर्क आणि शेवटी फ्रेंच, अशी यादी प्रवासी पुस्तिकांत सापडते. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. राज्यकर्ते बदलले तेव्हा शेत नांगरणारा, दगड घडविणारा, ऑलिव्हची फळे झोडपणारा माणूस कोठे गेला, हे ती सांगत नाही. तो कोठेही गेला नाही. म्हणून त्याच्या बाजूने हे थर पाहावे, असा आजचा माझा प्रयत्न आहे.

आरंभ दुग्गा या प्राचीन नगरापासून करतो. तेथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, सुमारे २१ मीटर उंचीचे एक स्मारक उभे आहे. फिनिशियनांच्या आधीपासून या भूमीत राहणाऱ्या लोकांना आपण बर्बर म्हणतो. ते स्वतःला अमाझिग म्हणवितात. त्यांच्या नुमिडियन राज्याच्या काळातले हे स्मारक. त्यावर एक शिलालेख होता आणि तो दोन भाषांत कोरलेला होता : एक कार्थेजची प्युनिक, दुसरी स्थानिक लिबियन. या लेखात राजाची प्रशस्ती नाही. तेथे नावे आहेत ती बांधणाऱ्यांची. पाथरवट कोण, सुतार कोण, लोहार कोण, कोणाचा मुलगा कोण, हे त्यात नोंदलेले आहे. जगातील किती स्मारकांवर कारागिरांची नावे अशी बापाच्या नावासह कोरलेली आढळतील? एकवीसशेंहून अधिक वर्षांपूर्वी या देशात दोन भाषा एका दगडावर नांदत होत्या आणि लोहाराचे नाव कोरण्याच्या योग्यतेचे मानले जात होते.

हा शिलालेख आज दुग्गात नाही. ट्युनिसमधील ब्रिटिश वकील थॉमस रीड याने १८४२ साली तो मिळविण्यासाठी स्मारकच पाडले आणि लेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच पुरातत्त्वज्ञ लुई प्वेन्सो याने विखुरलेले दगड जुळवून स्मारक पुन्हा उभे केले. लेख मात्र परत आला नाही. लिबियन लिपी वाचण्याची किल्ली या लेखामुळे विद्वानांना सापडली हे मान्य केले, तरी ज्यांच्या पूर्वजांची नावे त्यावर आहेत त्यांना ती वाचण्यासाठी परदेशी जावे लागते, हे सत्य उरतेच.

आता रोमन थराकडे वळू. इसवी सनापूर्वी १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज जाळून उद्ध्वस्त केले. त्या भूमीत मीठ पेरले ही सर्वश्रुत कथा मात्र नंतरच्या काळातील लेखकांची भर आहे; प्राचीन ग्रंथांत तिला आधार नाही. शिवाय जी जमीन रोमला पोसणार होती तिच्यात मीठ कोण पेरील? खरे घडले ते अधिक बोधप्रद आहे. कार्थेजच्या ग्रंथालयांतील पुस्तके रोमनांनी स्थानिक राजांना वाटून टाकली. परंतु मागो नावाच्या कार्थेजी लेखकाचा शेतीवरील अठ्ठावीस खंडांचा ग्रंथ तेवढा ठेवून घेतला आणि सिनेटच्या आज्ञेने त्याचे लॅटिन भाषांतर करविले. जेत्याला पराभूतांच्या देवांशी आणि काव्याशी कर्तव्य नव्हते. त्यांची जमीन कसण्याची विद्या मात्र त्याला हवी होती.

त्या विद्येच्या बळावर हा प्रांत रोमचे धान्याचे कोठार बनला. वर्षातले आठ महिने रोमचे पोट आफ्रिकेच्या धान्यावर भरते, असे पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस याने नमूद केले आहे. हे धान्य कोणाच्या जमिनीवर पिकत होते? प्लिनी सांगतो की, सम्राट नीरोने सहा जमीनदारांना ठार मारले तेव्हा या प्रांताची निम्मी जमीन त्या सहाजणांच्या मालकीची होती. नीरोने ती कुळांना वाटली, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. सम्राटाच्या खाजगी जमिनी त्यानंतर या प्रांतात विस्तारत गेल्या, इतकेच.

त्या जमिनींवरील कुळांचे जीवन कसे होते, हे समजण्याची दोन साधने मेजर्दा नदीच्या खोऱ्यात उपलब्ध झाली आहेत. हेन्शिर मेत्तिश येथे १८९६ साली सापडलेला लेख ट्राजन बादशहाच्या अखेरच्या काळातील आहे. गहू, जव, द्राक्षरस आणि तेल यांचा तिसरा हिस्सा कुळाने खंड म्हणून द्यावा, असे त्यात ठरविले आहे. परंतु त्याच लेखात पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला तिच्या वहिवाटीचा हक्क दिलेला आहे आणि अशा जमिनीवर ऑलिव्ह लावल्यास पहिल्या दहा पिकांपर्यंत खंड माफ आहे. ऑलिव्हचे झाड हळू वाढते; ते लावणाऱ्याला दीर्घकाळाची हमी दिल्याशिवाय तो घाम गाळणार नाही, हे शासनालाही समजले होते. ट्युनिशियाच्या ऑलिव्हच्या बागा पाहून आज प्रवासी हरखून जातात. त्या परंपरेच्या मुळाशी खंडकऱ्याच्या हक्काचे असे एक कलम आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा लेख सूक अल्-खमीस येथे १८७९ साली सापडला. तो आहे कुळांचा अर्ज, थेट सम्राट कोमोडस याच्या नावे. साल इसवी सन १८० नंतरचे एकदोन. नियमाप्रमाणे वर्षाला सहा दिवस वेठ ठरलेली : दोन दिवस नांगरट, दोन दिवस खुरपणी, दोन दिवस कापणी. मक्तेदाराने सम्राटाच्या कारभाऱ्याला हाताशी धरून ती वाढविली. कुळांनी तक्रार केली तेव्हा सैनिक पाठविण्यात आले. कित्येकांना बेड्या घातल्या, कित्येकांना फटके मारले, त्यांत रोमन नागरिकही होते. अर्जदार स्वतःला गरीब खेडूत म्हणवितात, हातांच्या कष्टावर पोट भरणारे म्हणवितात. सम्राटाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि कुळांनी तो निर्णय दगडावर कोरून गावात उभा केला. का कोरला असेल? न्याय मिळाला म्हणून तर खरेच. पण मक्तेदार उद्या पुन्हा वेठ वाढवील याची खात्री होती म्हणूनही. कागद हरवतो, कारभारी बदलतो, दगड राहतो. आपल्याकडे कुळकायद्याच्या लढ्यात ज्यांनी सातबारावर नाव चढविण्यासाठी कचेरीचे उंबरे झिजविले, त्यांना या दगडाची भाषा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

याच काळाची दुसरी बाजू ट्युनिसच्या बार्दो वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते. मोझेकच्या फरशीचित्रांचा तेथील संग्रह जगात नावाजलेला आहे. त्यात कार्थेज येथे सापडलेले ‘ज्युलियस धन्या’चे चित्र आहे. मध्यभागी मालकाचा तटबंदीचा वाडा, भोवती चार ऋतू आणि प्रत्येक ऋतूचे उत्पन्न घेऊन येणारी माणसे : कोणी ऑलिव्ह आणतो, कोणी पक्षी, कोणी फळांच्या टोपल्या. मालक आसनावर आणि मालकीण दागिने घालून उभी. कलेच्या दृष्टीने ते चित्र अप्रतिम आहे. परंतु ज्या फरशीवर मालक चालत होता त्या फरशीवर त्याने आपल्या कुळांना अशी चिरंतन रांग लावून उभे केले होते, हे विसरून त्याचे सौंदर्य पाहणे म्हणजे अर्धेच पाहणे होय. मक्तार येथील एका कबरीच्या लेखात एक गरीब शेतमजूर आपली कथा सांगतो. बारा हंगाम त्याने उन्हात कापणी केली, मग अकरा वर्षे कापणी टोळ्यांचा मुकादम झाला, शेवटी घर आणि जमीन मिळवून नगरसभेत बसला. हा लेख आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. अशा कथा सर्व काळी सांगितल्या जातात. त्या टोळीतील इतर मजुरांचे काय झाले, हे कोणत्याही दगडावर लिहिलेले नाही.

इसवी सन ६९८ मध्ये अरबांनी कार्थेज घेतले. येथे जुने संपले आणि सर्वस्वी नवे सुरू झाले, असे दोन परस्परविरोधी पक्ष सारख्याच आग्रहाने सांगतात. फ्रेंच वसाहतवाद्यांना ते सांगणे सोयीचे होते, कारण त्यांना अरबांच्या आधीचा देश हवा होता. धार्मिक पुनरुज्जीवनवाद्यांनाही ते सोयीचे आहे, कारण त्यांना अरबांच्या नंतरचाच देश हवा आहे. पण कैरवानची मोठी मशीद पाहावी. सध्याची वास्तू प्रामुख्याने नवव्या शतकातील. तिच्यातील शेकडो स्तंभ रोमन आणि बायझंटाइन इमारतींतून आणलेले आहेत. कोणत्याही दोन स्तंभांचे शीर्ष सारखे असेलच असे नाही. गवंड्यांनी बैठका कमी-अधिक उंचीच्या करून ते एका छताखाली बसविले. ट्युनिसच्या झैतुना मशिदीतही कार्थेजचे स्तंभ आहेत. हेड्रियनच्या काळात झघवानच्या डोंगरातून कार्थेजला पाणी आणणारा जो जलमार्ग बांधला गेला, त्याचा जीर्णोद्धार तेराव्या शतकात हफ्सी सुलतानांनी केला. पाण्याला धर्म विचारून कोणी तहान भागवीत नाही.

अशाच भूमीत, ट्युनिस शहरी, १३३२ साली इब्न खल्दून जन्मला. राज्ये का उदयास येतात आणि का लयास जातात, याचा कार्यकारणभाव शोधणाऱ्या या विचारवंताने माणसाच्या कमाईच्या मुळाशी त्याचे श्रम असतात, हे आपल्या ‘मुकद्दिमा’त स्पष्टपणे मांडले. युरोपातील अर्थशास्त्र जन्माला येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

त्यानंतर आलेले सगळेच काही तलवार घेऊन आले नाहीत. १६०९ पासून स्पेनने मोरिस्को मुसलमानांना हद्दपार केले, त्यांतील पुष्कळ येथे आले. त्यांनी तेस्तूरसारखी गावे वसविली आणि शेशिया नावाच्या लाल लोकरी टोपीचा धंदा भरभराटीस आणला. मालूफ ही संगीतपरंपरा अंदलुसियातून आलेल्या अशा निर्वासितांचाच वारसा सांगते. जेर्बा बेटावरील यहुदी आपली परंपरा जेरुसलेमच्या पहिल्या मंदिराच्या पाडावापर्यंत नेतात. १९४८ च्या सुमारास देशात एक लाखाच्या आसपास यहुदी होते. आज हजार-दीड हजार उरले आहेत आणि त्यांच्या घ्रिबा या प्रार्थनास्थळावर २००२ आणि २०२३ साली प्राणघातक हल्ले झाले. सहारापलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या कृष्णवर्णीयांनी स्तंबेली हे उपचाराचे आणि उपासनेचे संगीत जिवंत ठेवले. गुलामगिरी नष्ट करणारा हुकूम अहमद बे याने जानेवारी १८४६ मध्ये काढला. म्हणजे फ्रान्सने आपल्या वसाहतींत ती रद्द केली त्याच्या दोन वर्षे आधी. गंमत अशी की, या कामी बे याला उत्तेजन देणाऱ्यांत दुग्गाचे स्मारक पाडणारा तोच थॉमस रीड होता. इतिहासातील माणसे आपल्या सोयीप्रमाणे काळी किंवा पांढरी असत नाहीत. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सिसिलीतील दारिद्र्याला कंटाळलेले हजारो इटालियन मजूर समुद्र ओलांडून येथे आले. फ्रेंचांच्या अमलाखाली फ्रेंचांपेक्षा त्यांची संख्या जास्त होती. आज त्याच समुद्रातून उलट दिशेने, सफाक्सच्या किनाऱ्यावरून लाम्पेदुसाकडे, गरिबांच्या होड्या निघतात आणि कित्येक बुडतात.

१८८१ साली फ्रान्सने ट्युनिशियावर आपले संरक्षित राज्य लादले. ‘आम्ही रोमचे वारस’ असा त्यांचा दावा होता. रोमन अवशेष खणून काढताना त्यांनी मोलाचे संशोधन केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या खोऱ्यात रोमन जमीनदार होते, तेथेच फ्रेंच मळेवाल्यांना जमिनी मिळाल्या. कार्थेजच्या बिर्सा टेकडीवर भव्य कॅथीड्रल उभे राहिले आणि १९३० साली तेथे ख्रिस्ती धर्मपरिषद भरविण्यात आली. मुसलमान प्रजेच्या देशात, तिच्याच पैशाने, एक थर निवडून त्याचा जयघोष करण्याचा हा प्रकार होता आणि त्याने राष्ट्रीय चळवळीला धार आणली.

त्याच १९३० साली ताहर हद्दाद या तरुणाने मुसलमान स्त्रीच्या हक्कांचा पुरस्कार करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. तो मोहम्मद अली अल्-हामी याचा सहकारी होता. अल्-हामीने १९२४ साली ट्युनिशियाच्या कामगारांची पहिली स्वतंत्र संघटना उभारली आणि त्यापायी त्याला हद्दपारी भोगावी लागली. हद्दादने या कामगारांवरही पुस्तक लिहिले होते. सनातन्यांनी त्याच्यावर बहिष्कार घातला आणि १९३५ साली तो उपेक्षेत मरण पावला. त्याचे विचार पुढे १३ ऑगस्ट १९५६ च्या वैयक्तिक कायद्यात उतरले आणि बहुपत्नीत्व बंद झाले. १९४६ साली स्थापन झालेल्या कामगार महासंघाचा नेता फरहात हशाद याचा ५ डिसेंबर १९५२ रोजी खून झाला. हाही वारसाच आहे. तो संग्रहालयात ठेवलेला नाही, एवढाच फरक.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९८३ च्या अखेरीस सरकारने नाणेनिधीच्या दडपणाखाली पावाचे आणि धान्याचे भाव एकदम वाढविले. ज्या भूमीने रोमला पोसले, तिची लेकरे भाकरीसाठी रस्त्यावर आली आणि गोळीबारात बळी पडली. जानेवारी १९८४ मध्ये दरवाढ मागे घ्यावी लागली. पुढे बेन अली राजवटीत कार्थेजच्या संरक्षित पुरातत्त्व क्षेत्रातील जमिनी बंगल्यांसाठी मोकळ्या करण्यात आल्या. २०११ च्या क्रांतीनंतर सत्ताधाऱ्यांच्या नातेवाइकांच्या घरांत पुराण वस्तू सापडल्या आणि कार्थेजच्या जमिनींचे ते निर्णय रद्द झाले. व्यासपीठावरून वारशाचा गौरव आणि घरात वारशाची चोरी, ही जोडी आपल्याला अनोळखी नाही.

या पार्श्वभूमीवर २०२३ चे ते भाषण पाहावे. देश तेव्हा महागाईने, बेकारीने आणि टंचाईने गांजलेला होता. संसद आदल्याच वर्षी बरखास्त झाली होती. अशा वेळी भाकरीचा प्रश्न विचारणाऱ्याला ‘तू कोण? कुठला?’ असा उलट प्रश्न विचारणे राज्यकर्त्यांना सोपे जाते. शुद्धतेचा हट्ट नेहमी अशाच हंगामात फोफावतो. परंतु आणखी एक गोष्ट याच देशात घडली. २०१८ साली वांशिक भेदभाव हा गुन्हा ठरविणारा कायदा तेथील संसदेने संमत केला होता आणि त्या भाषणानंतर चार-पाच दिवसांतच शेकडो नागरिक वंशवादाच्या निषेधार्थ ट्युनिसच्या रस्त्यांवर उतरले. दुग्गाच्या दोन भाषांच्या दगडाचे खरे वारस मला त्या मोर्चात दिसतात.

मित्रहो, आपल्याकडेही जमिनीचे थर उकरून मूळचा कोण आणि उपरा कोण, हे ठरविण्याचा उद्योग सध्या जोरात आहे. म्हणून एवढेच सांगून थांबतो. थर उकरायचेच असतील तर पुरते उकरावेत. आपल्या सोयीच्या खोलीवर कुदळ थांबवू नये. पुरते उकरले की शेवटी हाती लागतात ती कोणा एका धर्माची वा वंशाची निशाणे नव्हेत. हाती लागतो लोहाराच्या बापाचे नाव सांगणारा दगड, वेठीविरुद्धचा अर्ज आणि वेगवेगळ्या उंचीचे खांब एका छताखाली बसविणाऱ्या गवंड्याचा हिशेब. त्या अर्जावरचा निकाल कुळांनी गावात उभा केला होता. आपल्या गावातील असे अर्ज कोणत्या कचेरीत पडून आहेत, ते शोधणे हे आपले काम आहे.